पाव टक्का

सियागंजात रस्त्याच्या अलीकडे आमची बँक,
पलीकडे त्यांची.
मध्ये हातगाड्या, हळदीची पोती
आणि एक कायमचा उभा सांड.
मुर्तझाभाई लोखंडवाले दर एप्रिलला
दोन्हीकडचे व्याजदर विचारायचे
आणि पाव टक्क्यासाठी
मुदतठेवीच्या पावत्या छत्रीसारख्या काखेत मारून
रस्ता ओलांडायचे.
आमचे पागनीस साहेब म्हणायचे,
"चहा सांगून ठेवा, गेलेला माणूस परत येतो."
यायचेही.

मग परिपत्रक आलं.
दुधात साखर, असं पहिल्याच ओळीत.
दूध कोण, साखर कोण, ते खाली कुठेच नव्हतं.
विलीनीकरण हा शब्द
इंदूरला नवा नाही.
संस्थान विलीन झालं तेव्हा
राजधानी उन्हाळ्यापुरती तरी आमच्याकडे असायची,
हिवाळ्यात ग्वाल्हेरला;
पुढे ती भोपाळला गेली ती गेलीच.
विलीन होताना हेड ऑफिस
नेहमी एक गाव पुढे सरकतं,
हे माझ्या वडिलांना तेव्हाच कळलं होतं.
ते दप्तरखान्यात कारकून होते.

माझ्याकडे मोजदाद आली.
दोन शाखांची चौदा टेबलं, अकरा पंखे,
दोन तिजोऱ्या,
दोन घड्याळं: आमचं चार मिनिटं पुढे, त्यांचं बरोबर,
म्हणून त्यांचं ठेवलं.
दोन शिपाई, दोघांचंही नाव गेंदालाल.
त्यातल्या एकाची बदली सिंगरौलीला.

खरं सांगते,
लहान होती म्हणून आमची बँक चांगली होती
असं काही नाही.
पागनीस साहेबांनी सईदाआपाला
रजयांच्या मशीनसाठी बारा हजार दिले
नुसते हाताचे टाके बघून,
हे मी सगळ्यांना सांगते.
त्याच साहेबांनी नंदलालपुऱ्यातल्या विक्रम धीमानला
तीन वर्षं परत पाठवलं,
कारण त्याच्या बापानं कधीकाळी
गणपतीच्या वर्गणीवरून
त्यांना चारचौघांत सुनावलं होतं.
हे मी कुणाला सांगत नाही.
विक्रमला नव्या बँकेनं
फोनवर, सात मिनिटांत कर्ज दिलं.
त्या यंत्राला त्याचा बाप ठाऊक नव्हता.
सईदाआपाचे टाकेही ठाऊक नव्हते.

देशाचं म्हणाल तर
माझा भाचा अर्थशास्त्र शिकवतो. तो म्हणतो,
"मावशी, महामार्गाला, वीजघराला कर्ज द्यायचं
तर छाती मोठी लागते.
शंभर पणत्या लावून लोखंड वितळत नाही,
भट्टीच हवी."
पटतं मला.
मी एवढंच विचारलं, भट्टी विझायला लागली तर?
पणती विझली की एका घरात अंधार.
भट्टी मात्र विझू द्यायचीच नाही, असं सगळे मिळून ठरवतात,
मग तेल कुणाच्या घरून जातं?
तो म्हणाला, हा प्रश्न परीक्षेत येतो.
उत्तर सांगितलं नाही.

आणि माझं पेन्शन?
एक तारखेला, सकाळी सहाच्या आत.
पूर्वी चार उजाडायची.
तक्रार कुठल्या तोंडानं करू?

मागच्या एप्रिलला मुर्तझाभाई दिसले.
काखेत पावत्या, अलीकडच्या फुटपाथवर.
आमच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान,
भिंतीवर आमचंच घड्याळ,
अजून चार मिनिटं पुढे.
"काय दर चाललाय?" मी विचारलं.
"जो आहे तो," म्हणाले.
तरी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
सांडाला वळसा घातला,
रस्ता ओलांडला.
आणि पलीकडे पोचल्यावर एकदा मागे वळले,
जुन्या सवयीनं,
कुणी चहाला हाक मारतंय का बघायला.